पाटी तीच राहिली, घर कुणाचं?

मे संपत आला. दापोली ते हर्णे, मुरुड, कर्दे रस्त्यावरच्या गाड्यांच्या रांगा आता ओसरतील, पाऊस लागेपर्यंत जरा उसंत मिळेल. म्हणून थोडं मोठं लिहितोय. सवडीने वाचा.

"घरगुती राहण्याची व जेवणाची सोय." पूर्वी ही पाटी पत्र्यावर ऑइलपेंटने रंगवलेली असायची, खाली मालकाचं नाव आणि कोपऱ्यात एक नारळाचं झाड. आता फ्लेक्सवर असते, एसी रूम आणि स्विमिंग पूलच्या फोटोसकट. परवा अशाच एका फ्लेक्सखाली थांबून तिथल्या पोराला विचारलं, मालक कुठे असतात? म्हणाला, ठाण्याला. आणि जेवण कोण करतं? "शेजारच्या वाडीतल्या दोन बाया येतात." आता ही सोय घरगुती म्हणायची तर कुणाच्या घरची?

आपल्याकडे पाहुण्याला पैसे घेऊन घरात ठेवायची रीत पर्यटन हा शब्द येण्याच्या आधीची आहे. सुरुवात झाली देवापासून. गुहागरचा व्याडेश्वर, हरिहरेश्वर, केळशीची महालक्ष्मी. ही कित्येक घराण्यांची कुलदैवतं. घाटावर गेलेली माणसं वर्षा-दोन वर्षांनी अभिषेकाला यायची आणि भटजींकडेच उतरायची. दक्षिणेत राहणं-जेवण धरलेलं असे. मग वस्तीच्या एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, बदलून आलेले मास्तर, सर्व्हेला आलेले साहेब. गावात लॉज नाही, हॉटेल नाही, मग ज्याच्या घरी पडवीला एखादी खोली जास्तीची त्याच्याकडे सोय. 'सोय' हा शब्द तिथून आला. धंदा म्हणायला लोकांना लाज वाटायची.

ऐंशी-नव्वदच्या दशकात यात सुट्टीला येणारी मुंबई-पुण्याची कुटुंबं मिसळली. बुकिंग म्हणजे पोस्टकार्ड. "आम्ही सहाजण बारा तारखेच्या राताराणीने येत आहोत, मोठी चार, लहान दोन." उलट टपाली उत्तर गेलं तर ठीक, नाही गेलं तरी माणसं यायचीच. माझं आजोळ आंजर्ल्याचं. तेव्हा पूल नव्हता. हर्णेच्या बाजूने यायचं आणि खाडी तरीतून ओलांडायची. सामान डोक्यावर घेऊन उतरणारी ती मंडळी बघायला आम्ही पोरं धक्क्यावर जायचो. मामाकडे दोन खोल्या दिल्या जायच्या. त्या रिकाम्या होत्या असं समजू नका. त्यात आम्हीच झोपायचो. पाहुणे आले की आमची रवानगी ओटीवर.

आता या जुन्या सोयीचं कौतुक करणाऱ्या पोस्टी दर सीझनला फिरतात. केळीचं पान, उकडीचे मोदक, विहिरीचं पाणी, काय ती माणसं! खरं सांगायचं तर त्या लिहिणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी स्वयंपाकघराच्या बाजूने हे बघितलं आहे. मामी पहाटे चारला उठायची. बंब पेटवायचा, पाहुण्यांच्या अंघोळी उरकायच्या, न्याहारीचे घावणे, मग लगेच दुपारची तयारी. चतुर्थी असली की मोदक पानात वाढताना ती मोजायची नाही, पण मागे उरले किती ते तिलाच माहीत असायचं, कारण नाही उरले तर तिनेच खायचे नाहीत. पाटीवर नाव मामाचं. पैसे मामाच्या हातात. मामी कमावते असं घरात कधी कुणी म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तर तिलाच हसू आलं असतं.

दुसरंही सांगतो, काहींना आवडणार नाही. खोली देण्याआधी आडनाव विचारलं जायचं. पोस्टकार्डावर आडनाव असायचंच, त्यामुळे बऱ्याचदा विचारायचीही गरज पडायची नाही. काही आडनावांना "खोल्या भरल्यात" असं उत्तर जायचं. कोळीवाड्यात पर्यटक मासळी घ्यायला जायचा, राहायला नाही. तेव्हा ते सगळं सोनं होतं असं मी म्हणणार नाही. संडास वाडीच्या टोकाला, रात्री कंदील घेऊन जायचं. कितीतरी पाहुणे एका रात्रीत पळाले असतील!

पण त्या व्यवस्थेत एक गोष्ट होती, जी आज कुणाच्या हिशेबात नाही. तिला मर्यादा होती, आणि ती मर्यादा घरच ठरवायचं. मुख्य म्हणजे विहीर.

बघा, गंमत अशी की पाहुणे येतात मे महिन्यात आणि विहिरी तळाला जातात त्याही मे महिन्यातच. त्याच दिवसांत सुपारीला शिंपणं लागतं. पाणी चुकलं की पोफळ रुसते, आणि त्याचं नुकसान पुढच्या वर्षापर्यंत पुरतं. त्यामुळे घरात रोज हिशेब चालायचा. आज वाडीला पाणी, तर पाहुण्यांनी अंघोळी लवकर आटपायच्या. किनाऱ्यालगतच्या विहिरीत गोडं पाणी खारट पाण्यावर तरंगत असतं. उपसा जास्त झाला की खालचं खारं पाणी वर चढतं आणि विहीर मचूळ होते. एकदा मचूळ झाली की चांगला पाऊस पडून गेल्याशिवाय सुधारत नाही, कधीकधी तेवढ्यानेही नाही. हे पुस्तकात वाचून नाही, सकाळच्या पहिल्या घोटावरून मामाला कळायचं. तिसरी खोली काढण्याएवढी जागा घरात होती. काढली नाही, कारण विहीर तेवढी नव्हती.

आज त्याच पट्ट्यात बोअर मारून पूल भरले जातात. समुद्र शंभर पावलांवर असताना! शेजारच्याची विहीर मचूळ झाली तर तो दाद कुणाकडे मागणार? ठाण्याच्या मालकाचा नंबर तर त्या पोराकडेसुद्धा नसतो, त्याला मॅनेजरचा माहीत.

दुसरी गोष्ट समुद्राची. घरी उतरलेल्या पाहुण्याला समुद्रावर सोडायची एक पद्धत होती. "आज अमावास्या, उधाण आहे, गुडघ्याच्या पुढे जाऊ नका." "ओहोटी लागली की बाहेर या." "त्या खडकाकडे ओढ आहे, तिकडे नको." शिवाय घरातलं एखादं पोर बरोबर पाठवायचं. मी स्वतः अशा कितीतरी कुटुंबांबरोबर गेलोय, बदल्यात गोळ्या-बिस्किटं मिळायची. आता दर सीझनला बुडाल्याची बातमी असते, बातमीत "अतिउत्साही पर्यटक" हे शब्द ठरलेले. असतातही अतिउत्साही. पण ते जिथे उतरले होते तिथे भरतीची वेळ सांगणारं कुणी होतं का, हे मी आता प्रत्येक वेळी विचारतो. बहुतेक वेळा उत्तर नाही असंच येतं. केअरटेकर घाटावरचा किंवा त्याहून लांबचा. त्या बिचाऱ्याला तरी तिथी आणि उधाणाचं काय ठाऊक!

हे बदललं कसं, तेही थोडक्यात बघू. १९९७ च्या नोव्हेंबरात दिवेआगरला एका बाईंच्या वाडीत खणताना सोन्याचा गणपती सापडला आणि पोफळीच्या वाड्यांमध्ये झोपलेलं ते गाव वर्षभरात नकाशावर आलं. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली. मग लोकांकडे चारचाकी आल्या. पोस्टकार्डाच्या जागी फोन, फोनच्या जागी ॲप. लोकांनी खोल्या वाढवल्या, अंगणात, मग वाडीत. इथवर मला काही तक्रार नाही. पोरं मुंबईला जाण्याऐवजी घरी राहिली, आणि संडास-बाथरूम खोलीला जोडून आले हे चांगलंच झालं.

खरा घाव बसला ३ जून २०२० ला. निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत घुसलं आणि मंडणगड-दापोलीच्या वाड्याही आडव्या केल्या. तोवर खोल्यांचा धंदा आणि वाडी एकमेकांना धरून उभे होते. खोल्यांचे पैसे पाच-सहा महिन्यांचे, सुपारी-नारळाचे वर्षाचे. पोफळ नवी लावली तर उत्पन्नाला पाच-सात वर्षं. सरकारने बागांना हेक्टरी ५० हजार जाहीर केले. आपल्याकडे वाडी हेक्टरात कुणाची आहे? दहा गुंठ्यांच्या वाडीचा हिशेब पाच हजार होतो. ओरड झाल्यावर झाडामागे मदत देण्याचं ठरलं, पण तोवर सातबारा घेऊन एजंट दारात उभे होते. करोनामुळे खोल्या बंद, वाडी आडवी, दोन्ही उत्पन्नं एकदम गेलेली. ज्यांनी विकलं त्यांना मी दोष देत नाही. शहरातल्या ज्या वाचकांना द्यावासा वाटतो त्यांनी त्या वर्षी इथे येऊन बघायला हवं होतं.

विकलेल्या वाड्यांवर आता बंगले उभे राहताहेत आणि त्यांच्यावर पाटी 'घरगुती'. कायद्यात या शब्दाला काही अर्थ आहे बरं का. २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत किनाऱ्यावरच्या स्थानिकांना, मच्छीमारांसकट, होम स्टे चालवायची मुभा दिली आहे, पण अट अशी की राहत्या घराचं जोतं, आराखडा, दर्शनी भाग बदलायचा नाही. म्हणजे कायद्यालासुद्धा मामाकडच्या त्या दोन खोल्याच अभिप्रेत आहेत. मुभा घर असणाऱ्याला दिलेली, आणि पाटीचा फायदा प्लॉट घेणाऱ्याने उचललेला.

हे होणारच होतं, याला इलाज नाही, असं म्हणणाऱ्यांनी वेळासला जाऊन यावं. मंडणगड तालुक्यातलं नाना फडणवीसांचं गाव. तिथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने गावकऱ्यांना बरोबर घेऊन कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. पुढे पिल्लं समुद्रात सोडताना बघायला लोक येऊ लागले आणि ते गावातल्या घरांतच राहिले, जे घरात शिजेल ते जेवले. तिथे सगळं आदर्श चाललंय असं नाही, शनिवार-रविवारी गर्दी होतेच. पण पाहुण्याचा पैसा त्याच गावातल्या चुलीपर्यंत पोचतो, आणि किनारा का राखायचा ते घरातल्या बाईला माहीत असतं.

तेव्हा माझं म्हणणं असं आहे. ग्रामपंचायतींनी राहत्या घरातल्या खोल्या आणि रिकाम्या बंगल्यातल्या खोल्या एका मापाने मोजू नयेत. नोंदणी वेगळी ठेवावी, आणि 'घरगुती' ही पाटी मालक तिथे राहत असेल तरच लावू द्यावी. खोल्या किती, हे विहिरीचं पाणी आणि शोषखड्डा बघून ठरवावं. बांधकाम किती बसतं यावर नको. आणि नोंदणी घरातल्या बाईच्या नावावर व्हावी. नमुना आठवर नवरा-बायको दोघांची नावं लावता येतात, किती घरांनी लावली आहेत ते तुम्हीच आपापल्या घरी बघा. २०२३ मध्ये सरकारने महिलांसाठी 'आई' पर्यटन धोरण आणलं, त्यात १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा मिळू शकतो. अट हीच की व्यवसाय बाईच्या मालकीचा हवा आणि तिनेच चालवलेला हवा. चालवतात त्याच. मालकी कुठे आहे?

नवऱ्याचं नाव काढून बायकोचं लावलं की भांडणं होतील, असं एक सरपंच मला म्हणाले. होऊ देत की. चार दिवस होतील. ज्या घरात पैसे बाईच्या खात्यावर येतात तिथे वाडी विकायच्या कागदावर सही सहज होत नाही, एवढं मी या भागात फिरून पाहिलंय.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेला अजून वेळ आहे. विषय पत्रिकेवर यायला हवा असेल तर ग्रामपंचायतीकडे आधी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, तोंडी सांगितलेलं कुठेही लिहिलं जात नाही. अर्जाचा मसुदा मी करून ठेवलाय, हवा असेल त्यांनी गावाचं नाव लिहून मेसेज करा. आणि कुणाच्या विहिरीचं पाणी गेल्या दोन-तीन वर्षांत मचूळ झालं असेल तर तेही कळवा, कधीपासून आणि शेजारी काय बांधकाम झालं ते लिहून. नावं छापणार नाही.