वृद्ध रुग्णाचा वाली कोण?

पहिल्या पृष्ठावरील ही जागा आम्ही सहसा निवडणुका, अंदाजपत्रके आणि मंत्रिमंडळातील रुसवेफुगवे यांना देतो. आज ती रुग्णालयातील एका खाटेस देत आहोत, आणि त्याबद्दल वाचकांची क्षमा मागण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. ज्या घरात सत्तरी-ऐंशी उलटलेले माणूस आहे, अशा प्रत्येक घरावर हा प्रसंग आज ना उद्या यावयाचा आहे. न्हाणीघरात पाय घसरतो, रुग्णवाहिका येते, डिपॉझिट भरले जाते, आणि तेथून पुढे उपचार करणारे पुष्कळ भेटतात. सगळे काही ठाऊक असलेला मात्र एकही भेटत नाही.

हाडांचे डॉक्टर हाडापुरते पाहतात, हृदयाचे डॉक्टर हृदयापुरते. भूल देणारे आदल्या रात्री दोन मिनिटे येऊन जातात. निवासी डॉक्टर पाळीपाळीने बदलतात, सिस्टरची ड्यूटी दिवसातून तीनदा बदलते, आणि विम्याच्या खिडकीवरील तरुणास रुग्ण कोणता हेही ठाऊक नसते. यांतील कोणी कामचुकार असतो असे आमचे म्हणणे नाही. प्रत्येकजण आपले काम बहुधा चोख करतो. परंतु आम्ही काही वर्षे शाळेत शिकविले आहे. तेथे एका मुलास सहा विषयांचे सहा शिक्षक असतात, तरी त्या मुलाची सगळी हकीकत ठाऊक असलेला वर्गशिक्षक एकच असतो, आणि पालकांनी कोणाकडे जावे हा प्रश्न कधी पडत नाही. आपल्या मोठमोठ्या रुग्णालयांत विषयांचे शिक्षक उदंड झाले आहेत. वर्गशिक्षक मात्र कोणीच नाही.

आमच्या परिचयातील एका ब्याऐंशी वर्षांच्या निवृत्त मुख्याध्यापिकेची गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे. खुब्याचे हाड मोडले म्हणून त्यांस दाखल केले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. शस्त्रक्रियेपूर्वी चष्मा, कानाचे यंत्र आणि कवळी काढून एका पिशवीत घालून नातेवाइकांकडे देण्यात आली होती. ती परत द्यावयाचे कोणास सुचले नाही. तिसऱ्या रात्री त्या भाचीला आपल्या दिवंगत बहिणीच्या नावाने हाका मारू लागल्या, सलाईनची नळी ओढू लागल्या. सकाळी भाची आली तो मावशीबाईंचे दोन्ही हात खाटेस बांधलेले! ‘वयाचा परिणाम आहे, या वयात असे व्हायचेच,’ असे उत्तर मिळाले, आणि झोपेचे इंजेक्शन लिहून देण्यात आले. भाचीने केसपेपर पाहावयास मागितला, तेव्हा ‘साहेब राउंडला आले की विचारा’ असे सांगण्यात आले. साहेबांचा राउंड सकाळी साडेसहाला. नातेवाइकांचा पास अकरानंतर.

ती भाची मुकाट्याने परत गेली असती, तर त्या बाईंची नोंद ‘भ्रमिष्ट’ म्हणून झाली असती. ती गेली नाही. तिने एक वही घातली. कोणते औषध केव्हा दिले, लघवी किती झाली, झोप केव्हा लागली, हे ती लिहू लागली. मावशी चार दिवसांपूर्वीपर्यंत रोज वर्तमानपत्रातील शब्दकोडे सोडवीत होत्या, हे तिने प्रत्येक नव्या डॉक्टरास न कंटाळता सांगितले. लघवीची तपासणी तिच्या आग्रहाने झाली, तेव्हा त्यात जंतुसंसर्ग निघाला. त्यावर औषध सुरू झाले, चष्मा डोळ्यांवर व यंत्र कानात परत गेले, आणि काही दिवसांत त्या बाईंनी खाटेवरच्या पाटीत आपल्या आडनावातील ऱ्हस्वदीर्घाची चूक दाखवून दिली.

या अवस्थेस वैद्यकात डिलिरियम म्हणतात. आपल्याकडील जुनी माणसे ‘वात झाला’ म्हणत, आणि त्या शब्दात एक शहाणपण होते: हा दुखण्याचा विकार आहे, माणसाचा नव्हे, आणि दुखणे उतरले की तो उतरेल, हे त्यात गृहीत असे. स्मृतिभ्रंश महिन्यामहिन्यांनी, वर्षावर्षांनी चढत जातो. वात एका रात्रीत होतो, सकाळी निवळतो आणि संध्याकाळी पुन्हा उसळतो. हा फरक ओळखावयास कोणते यंत्र लागते? गेल्या आठवड्यात हे माणूस कसे होते, हे सांगणारा कोणी लागतो, आणि तो रुग्णालयाच्या पगारपत्रकावर असूच शकत नाही. सगळेच रुग्ण नळ्या ओढतात असेही नाही. काही नुसते गप्प पडून राहतात, खात नाहीत, बोलत नाहीत, आणि ‘आजी अगदी शांत आहेत हो’ अशी त्यांची वाखाणणी होते. हा शांतपणा अधिक फसवा, कारण त्याची दखलच घेतली जात नाही. (आयुष्यभर जिला शहर ‘बाई’ म्हणत आले, तिची खाटेवर पडताच ‘आजी’ का व्हावी, हाही आमचा एक जुना प्रश्न आहे.)

अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या वैद्यांनी सत्तरीवरील ८५२ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. एका गटास नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटास त्यांखेरीज काही साध्या गोष्टी मिळाल्या: आज वार कोणता, आपण कोठे आहोत हे वरचेवर सांगणे, रात्री झोपमोड न करणे, लवकर उठवून चालविणे, चष्मा व कानाचे यंत्र हाताशी ठेवणे, पाणी पाजणे. पहिल्या गटात शेकडा १५ जणांस वात झाला, दुसऱ्यात शेकडा ९.९ जणांस. यांतील कोणती गोष्ट घरचे शहाणे माणूस करू शकणार नाही? आणि त्याच माणसास आपण अकरा वाजेपर्यंत जिन्याखाली बसवून ठेवतो! औषधे आणावयास, रक्ताची बाटली मिळवावयास, स्ट्रेचर ढकलावयास नातेवाईक चालतो. केसपेपर वाचावयास मागितला की तो परका ठरतो.

वास्तविक कागदावर हक्कांची वाण नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली रुग्णहक्कांची सनद तयार केली. आपल्या आजाराची माहिती आणि केसपेपरच्या प्रती मिळण्याचा हक्क तीत आहे. महाराष्ट्राने २०२१ साली शुश्रूषागृहांच्या नियमांत दुरुस्ती करून अशी सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. ती लावलेली असतेही. बहुधा लिफ्टच्या बाजूस, काचेच्या चौकटीत, जेथे उभे राहून वाचण्याइतके स्वस्थ चित्त कोणाचेच नसते.

संमतीचा प्रकार तर याहून विचित्र. शस्त्रक्रियेच्या कागदावर वृद्धाची सही घेण्याऐवजी मुलाची किंवा भाच्याची घेऊन काम उरकण्याची रीत सर्रास आहे. वरील बाईही त्या दिवशी पूर्ण शुद्धीवर होत्या. ‘माझ्या पायाचे काय करणार ते मला कोणी सांगितले का?’ असे त्यांनी नंतर विचारले, आणि त्यास उत्तर नव्हते. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, सज्ञान व समर्थ रुग्ण केवळ भुलीखाली असताना, जिवावरचा प्रसंग नसेल तर, दुसऱ्या कोणाची, अगदी सख्ख्या आईचीही, संमती तिच्या जागी चालणार नाही. तेव्हा वृद्धाच्या वतीने बोलणे म्हणजे त्याचे तोंड बंद करून बोलणे नव्हे. बोलू शकतो तोवर त्यानेच बोलावे, आणि सोबतच्याने एवढेच पाहावे की ते ऐकले जात आहे.

नातेवाइकांचीही बाजू आम्ही घेऊ इच्छीत नाही. एका खाटेभोवती तीन भाऊ, दोन सुना आणि एक जावई, आणि प्रत्येकजण त्याच निवासी डॉक्टरास तोच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारणार! त्यात एखादा मुलगा सातासमुद्रांपलीकडून मोबाइलवर उंटावरून शेळ्या हाकणार. छत्तीस तास न झोपलेल्या त्या पोराने कोणाकोणास उत्तरे द्यावीत? डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१० साली कायदा केला. हल्लेखोरांची गय करू नये, याविषयी आमच्या मनात शंका नाही. तथापि यांतील कित्येक भांडणांच्या मुळाशी कोणीच कोणास काही सांगितले नाही, हेही एक कारण असते, आणि ते कायद्याने मिटणारे नाही.

म्हणून आमची सूचना अशी की, साठीवरील प्रत्येक रुग्णाकडून दाखल होतानाच एका माणसाचे नाव लिहून घ्यावे आणि रुग्णालयानेही एका डॉक्टराचे नाव त्यापुढे लिहावे. दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, या दोघांनी बोलावे. त्या माणसास रात्री-अपरात्री खाटेपाशी राहू द्यावे आणि केसपेपर पाहू द्यावा. इतरांनी जे विचारावयाचे ते त्यास विचारावे. ही कल्पना आम्ही आकाशातून आणलेली नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने कोणाही सज्ञान माणसास साध्या कागदावर, सही किंवा अंगठा करून, आपला प्रतिनिधी नेमण्याचा हक्क दिला आहे. आयुष्याची अखेरची घडी आली असता आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यावा, हे आधी लिहून ठेवण्याची सोयही सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने झाली आणि २०२३ साली ती सोपी करण्यात आली. मग मन आजारी असता जे चालते आणि मरणाच्या दारात जे चालते, ते खुब्याचे हाड मोडले असता का चालू नये?

हा प्रतिनिधी रक्ताच्या नात्याचाच असावा असा हट्ट मात्र धरू नये. या शहरात कित्येक घरांतून दोनच वृद्ध जीव राहतात. मुले परदेशी, आणि हाकेच्या अंतरावर कोणी असेल तर ते शेजारी किंवा जुना विद्यार्थी.

महानगरपालिकेच्या रुग्णालयांत हे सुरू करावयास नवी इमारत लागत नाही, आयुक्तांचे एक परिपत्रक पुरे होईल. खाजगी रुग्णालयांनी तर आपण होऊनच करावे. परिपत्रक निघेपर्यंत वाचकांनी निदान एक कागद घरी तयार ठेवावा. चालू असलेली सर्व औषधे व त्यांच्या वेळा, कोणत्या औषधाची बाधा होते ते, पूर्वीच्या शस्त्रक्रिया, चष्मा, कानाचे यंत्र आणि कवळी आहे काय, हे त्यात असावे. एक प्रत शेजाऱ्यांकडे द्यावी. आणि कागदाच्या तळाशी, आपल्याला बोलता येईनासे झाले तर आपल्या वतीने कोणी बोलावे त्याचे नाव घालून खाली आपण स्वतः सही करावी.