पॅकेज, मध्यक आणि विज्ञानाची पदवी

प्रवेशाचा हंगाम आला की महाविद्यालयांच्या जाहिरातींत एक आकडा ठळक छापलेला दिसतो : सर्वोच्च पॅकेज. तो एकाच विद्यार्थ्याचा असतो; शैक्षणिक कर्जाचे हप्ते मात्र अनेकांना फेडायचे असतात. त्यामुळे अधिक कमाई देणारी पदवी कोणती, असे विचारण्यात मुळीच कमीपणा नाही. ‘आवड जपा, पैसा मागून येईल’ हा उपदेश बहुधा ज्यांच्या घरी पैसा आधीच आलेला असतो, तेच करतात.

उत्तर मात्र जाहिरातीत शोधू नये. केंद्र सरकारची ‘एनआयआरएफ’ क्रमवारी २०१६ पासून प्रसिद्ध होते. तिच्यासाठी संस्था सादर करतात त्या माहितीत किती विद्यार्थी मुदतीत उत्तीर्ण झाले, कितींना नोकरी मिळाली, किती उच्च शिक्षणाकडे वळले आणि वेतनाचा मध्यक किती, हे वर्षवार दिलेले असते. हा मध्यक केवळ नोकरी मिळालेल्यांचा असतो, आणि खरी मेख तिथेच आहे. समजा, १०० पदवीधरांपैकी १५ जण पुढे शिकायला गेले, ६० जणांना नोकरी लागली आणि त्यांच्या वेतनाचा मध्यक वार्षिक ८ लाख रुपये आहे. म्हणजे ८ लाख वा त्याहून अधिक मिळवणारे साधारण ३० जण. नोकरी हवी असलेल्या ८५ जणांत हे प्रमाण जेमतेम एक तृतीयांशाच्या वर जाते. शिवाय पॅकेजच्या आकड्यात विम्याचा हप्ता, ग्रॅच्युइटी, एकदाच मिळणारा बोनस असे बरेच काही मिसळलेले असते. शाखानिहाय तपशील या माहितीत नसतो. तो महाविद्यालयाकडे लेखी मागावा. द्यायला टाळाटाळ झाली, तर तेही एक उत्तरच समजावे.

दुसरी अडचण काळाची. आज निवडलेली शाखा चार वर्षांनंतरच्या बाजारात विकली जाते. सन २०००च्या सुमारास डॉट-कॉम लाटेवर स्वार होऊन प्रवेश घेतलेल्यांना पदवी मिळेपर्यंत ती लाट ओसरली होती. आता संगणकशास्त्राच्या जागा पुन्हा झपाट्याने वाढत आहेत. ही शाखा घेऊच नये, असे मी म्हणणार नाही; पण ती घेताना गणित आणि संख्याशास्त्राचा पाया पक्का करावा, कारण सॉफ्टवेअरची साधने दर काही वर्षांनी बदलतात.

मग मूलभूत विज्ञानाचे काय? आयसर, नायसर, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था येथे शिकू इच्छिणाऱ्यांनी हिशेब प्रांजळपणे मांडावा. ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती वर्षाला ८० हजारांची. पीएच.डी.च्या कनिष्ठ संशोधकाचे विद्यावेतन २०२३ मध्ये ३१ हजारांवरून ३७ हजार रुपये झाले. त्यावर घरभाडे भत्ता. पंतप्रधान संशोधन शिष्यवृत्ती ७० हजारांपासून सुरू होते, पण ती मोजक्यांनाच मिळते. म्हणजे अभियंता मित्र घर घेण्याच्या गोष्टी करू लागतो, तेव्हा संशोधक वसतिगृहातच असतो.

एवढे ठाऊक असूनही काहीजण हा मार्ग निवडतात. त्यांनी श्रीमंतीची अपेक्षा केलेली नसते. महिन्याची रक्कम महिन्याला मिळावी, इतकीच असते. विद्यावेतन महिनोन्‌महिने रखडल्याच्या तक्रारी देशभरातील प्रयोगशाळांतून वारंवार येतात. ज्याच्या घरी बहिणीचे शिक्षण त्या पैशांवर चालते, असा विद्यार्थी यातूनच संशोधन सोडतो. विज्ञानाकडे तरुण वळत नाहीत, अशी खंत व्यक्त करणाऱ्या मंत्रालयांनी आधी ही थकबाकी चुकती करावी.