आधी पाणी, मग बाकी सगळं!

बालमित्रांनो, 'फॉलआउट' या संगणक-खेळाचं नाव ऐकलंय? त्याचा पहिला भाग १९९७ मध्ये आला. अणुयुद्धानंतर उजाड झालेल्या जगात आपली वाट आपणच शोधायची. त्यात रक्तपात फार, म्हणून तो मोठ्यांसाठीच. पण त्यातली गंमत कागदावर खेळता येते बरं का!

महाड-पोलादपूरचा नकाशा काढा. सावित्री, गांधारी, डोंगर, घाट, शाळा दाखवा. समजा, महापूर येऊन गेलाय. वीज नाही, फोन बंद. एकानं सूत्रधार होऊन अडचणी सांगायच्या, बाकीच्यांनी फासा टाकायचा. ४ च्या खाली दान पडलं, की बेत फसला!

नवख्यांसाठी युक्त्या :

१) पिशवीत १० च वस्तू. सगळंच उचललंत तर चालणार कसे?

२) पिण्याचं पाणी सर्वांत आधी. पुराचं पाणी प्यायलात, तर एक डाव बाद.

३) भेटेल त्याच्याशी बोला. जुनी पायवाट एखाद्या आजोबांनाच ठाऊक असते.

४) उंच जागा हेरा, पण तडे गेलेल्या डोंगराखाली थांबू नका.

ही चौथी युक्ती खेळापुरती नाही. २२ जुलै २०२१ ला महाड पाण्यात होतं, आणि त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसं गेली. संगणकावर डाव 'सेव्ह' करून पुन्हा मांडता येतो. गावाचा नाही.

म्हणून खेळ आवरलात की आईबाबांना विचारा : पाणी चढलं, तर आपण कुठे जायचं?