चाळण नको, सूप हवं

मागच्या वर्षी बाबा तापाने ॲडमिट होते. रक्ताचं कल्चर पाठवलं, रिपोर्टला तीन दिवस. तोवर अँटिबायोटिक अंदाजानेच. आम्हा आयटीवाल्यांना पहिला प्रश्न हाच पडणार, एवढा वेळ कशाला? तर एक मिलिलिटर रक्तात सुमारे ५ अब्ज लाल पेशी, आणि जंतू कधीकधी दहासुद्धा नाहीत. सापडणार कसे? म्हणून आधी वाढवायचे.

मग म्हटलं, गाळून घ्या की! पेशी ८ मायक्रॉनची, जंतू साधारण १ मायक्रॉनचा. पण चाळण तुंबते हो. इथे मला आजीचं सूप आठवतं. सूप कोणाला अडवत नाही, पाखडलं की हलकं-जड आपोआप वेगळं.

डायइलेक्ट्रोफोरेसिस म्हणजे विजेने पाखडणं. हे नाव हर्बर्ट पोल यांनी १९५१ मध्ये दिलं. केसाएवढ्या चॅनेलमध्ये बारीक इलेक्ट्रोड बसवायचे आणि एसी व्होल्टेज द्यायचं. २० मायक्रॉन अंतरावर १० व्होल्ट म्हणजे मीटरला ५ लाख व्होल्ट! क्षेत्र एकीकडे जास्त, एकीकडे कमी, म्हणून कण ओढला किंवा ढकलला जातो. जोर त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात, पाण्याचा विरोध नुसत्या त्रिज्येच्या. म्हणजे आठपट मोठा कण चौसष्टपट वेगाने सरकणार (पदार्थ एकच असेल तर). फ्रिक्वेन्सी बदलून ओढण्याचं ढकलणंही करता येतं. आहे की नाही भारी?

मग घोडं अडलं कुठे? डेमो बहुतेकदा स्वच्छ पाण्यातल्या प्लास्टिकच्या गोळ्यांवर. रक्त खारट, त्यातून वीज वाहते, ते तापतं. म्हणून पातळ करावं लागतं. आता हिशोब करा. कल्चरला १० मिलिलिटर रक्त घेतात. चॅनेलमधून मिनिटाला १० मायक्रोलिटर धरले तर साडेसोळा तासांहून जास्त. दहापट पातळ केलं तर जवळजवळ आठवडा! त्यापेक्षा कल्चर बरं.

आपल्याकडे ‘माझ्या मशीनवर चालतं’ म्हणणाऱ्याला कोणी प्रॉडक्शनमध्ये सोडत नाही. इथेही तोच नियम लावावा असं माझं स्पष्ट मत आहे. चिप किती छोटी ते नका सांगू. खऱ्या रक्तातले किती जंतू हाती लागले आणि तासाला किती मिलिलिटर झालं, ते सांगा. शेकडो चॅनेल शेजारी-शेजारी चालवणं हे कंटाळवाणं काम आहे, त्यावर टाळ्या पडत नाहीत. पण पैसा आणि डोकं तिथेच लावायला हवं.

असो. बाबा आता ठणठणीत आहेत. अंदाज बरोबर निघाला. प्रत्येकाचा निघेलच असं नाही...