ठाकूरवाडीला गाडी थांबते



मागच्या अंकात गुडघ्यांविषयी लिहिलं होतं आणि पायाला सूज का येते ते या वेळी सांगीन असं कबूल केलं होतं. ते पुढच्या खेपेला नक्की. या वेळी दवाखाना बंद. पेसाखनंतर आम्ही लोदमधलंच जुनं घर सोडून मुलीच्या शेजारी तळमजल्यावर राहायला आलो आणि येताना आमची रेल्वे मोडून आलो. त्याविषयी लिहिल्याशिवाय मला दुसरं काही सुचेना.

ज्यांनी आमचं जुनं घर पाहिलंय त्यांना ‘रेल्वे’ म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी आणि मुलांसाठी सांगते. तिसऱ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत भिंतीला धरून साडेतीन मीटर लांब, सव्वा मीटर रुंद असा लाकडी पाट होता, कमरेएवढ्या उंचीवर. त्यावर आमच्या ह्यांनी कर्जत ते लोणावळा हा बोरघाट बांधला होता. रूळ, बोगदे, पूल, सिग्नल, स्टेशनं, सगळं. खऱ्या वस्तूच्या सत्त्याऐंशीवा भाग, असं त्या खेळातलं माप आहे. खरा घाट साधारण २४ किलोमीटरचा. आता मुलांनो, २४ हजार मीटरला ८७ नं भागा. पावणेतीनशे मीटर येतात! एवढी लांब खोली कुणाकडे आहे? म्हणून ह्यांनी घाटातला निवडक भाग घेतला, पण चढ मात्र खऱ्यासारखा ठेवला. सदतीस सेंटिमीटर पुढे गेलं की एक सेंटिमीटर वर. खऱ्या घाटातही सगळ्यात कठीण जागी हाच चढ आहे, सदतिसास एक.

हे १९७१ ला इस्रायलला आले त्याआधी आठ वर्षं त्याच घाटात नोकरीला होते, ठाकूरवाडीच्या केबिनमध्ये. आपल्या बेने इस्रायल लोकांत रेल्वेची नोकरी घराघरात होती, तेव्हा पुष्कळ वाचकांच्या वडिलांनी, काकांनी तो घाट पाहिला असेल. पण ठाकूरवाडीचं काम काय असायचं ते थोडं सांगते, कारण पुढची गोष्ट त्यावरच आहे.

घाट उतरताना गाडीचा ब्रेक निकामी झाला तर ती कुणाला आवरणार? म्हणून उताराच्या वाटेवर ठरावीक ठिकाणी ‘कॅच सायडिंग’ असायची. मुख्य रुळातून फुटून डोंगराच्या अंगावर चढणारा, पुढे बंद होणारा रूळ. सांधा नेहमी त्या बंद रुळाकडेच लावलेला. गाडीनं तिथं येऊन आधी पूर्ण थांबायचं. थांबली म्हणजे ती ड्रायव्हरच्या ताब्यात आहे हे सिद्ध झालं. मग केबिनवाला सांधा बदलायचा आणि गाडी पुढं जायची. आणि जी थांबू शकली नाही ती आपोआप त्या चढाच्या रुळावर जाऊन अडकायची, खाली दरीत नाही. हे नेहमी म्हणायचे, “आमच्याकडे चालण्याला मार्क नव्हते. थांबण्याला होते.”

ह्यांच्या रेल्वेची सुरुवात १९८१ ला झाली. कारखान्यातल्या एका सोबत्याची मुलं मोठी झाली, त्यानं रुळांचं एक गोल कडं, चार डबे आणि ट्रान्सफॉर्मर आम्हाला स्वस्तात दिला. मी म्हटलं, मुलगा आत्ता कुठं जन्मलाय, त्याला आगगाडी कशाला? आगगाडी मुलाला नव्हतीच.

पुढं त्यात माझाही हात लागला. डोंगर करायला जाळी आणि कागद होता, पण वरचा लेप काही टिकेना. दवाखान्यात मुदत संपलेली प्लॅस्टरची बँडेजं फेकायला काढली होती, ती मी विचारून घरी आणली. मोडलेल्या हाताला लावतो तशी ओली करून कागदाच्या गोळ्यांवर घातली. दुसऱ्या दिवशी खंडाळ्याचा डोंगर टणक उभा! रुळाखालची बारीक खडी चिकटवायला पातळ केलेला पांढरा गोंद थेंबाथेंबानं सोडावा लागतो. त्यासाठी सिरिंज माझी. माणसं उभी करायला चिमटा माझा. रुळावर धूळ बसली की वीज चाकापर्यंत पोचत नाही आणि गाडी अडखळते, तेव्हा स्पिरिटच्या बोळ्यानं रूळ पुसायचं काम माझं. तीस वर्षं दवाखान्यात दंड पुसले, घरी आले की रूळ पुसले.

इंजिनाची एक गंमत. घाटात त्या काळी ‘खेकडा’ नावाचं विजेचं इंजिन होतं, मागून गाडीला रेटणारं. त्याचं छोटं रूप कुठंच मिळेना. मग एका कॅटलॉगात स्वित्झर्लंडच्या ‘क्रोकोडाईल’ इंजिनाचं चित्र दिसलं. हे उडालेच. घाटातला खेकडा त्याच स्विस घराण्यातला! मार्कलिन कंपनीचं ते इंजिन घ्यायला आम्ही दोन वर्षं पैसे साठवले. स्वित्झर्लंडची मगर लोदमध्ये येऊन कर्जतचा खेकडा झाली.

स्टेशनांच्या पाट्या ह्यांनी स्वतः रंगवल्या. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला हिब्रू. नातवंडांना क शिकवला तो ‘कर्जत’चा, ठ ‘ठाकूरवाडी’चा, ख ‘खंडाळ्या’चा आणि ळ ‘लोणावळ्या’चा. शब्बाथला ट्रान्सफॉर्मरला हात लावायचा नाही, म्हणून शनिवारी संध्याकाळी मुलं खिडकीत उभी राहून तारे मोजायची. तीन तारे दिसले, हव्दाला झाला की मागच्या खोलीकडे धूम. घाट पुरा १८६३ ला झाला, आपली बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ ची आणि इथली याफो ते येरुशलाईम १८९२ ची, हे त्यांना त्या खोलीतच पाठ झालं. मी माझ्याकडून एक भर घालायची. घाटाचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ ला हिंदुस्थानात आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याचा ठेका त्याची बायको अ‍ॅलिस हिनं पुढं चालवला. आणि हजारो मजूर पटकीनं, तापानं त्या डोंगरात गेले. त्यांच्यासाठी नर्स नव्हती. गाडी खेळताना तेही आठवावं.

तर अशी ही रेल्वे. आता ती मोडायची वेळ का आली?

ह्यांना कंपवात झाला त्याला सहा वर्षं झाली. कंपवातात हात थरथरतो एवढंच नसतं, हालचाली मंदावतात, अंग ताठतं, तोल जातो. तिसरा मजला आणि लिफ्ट नाही. त्यातून त्या गाडीचं चाक किती? बोटाच्या नखाएवढं. ते रुळावर बसवताना डबा आडवा व्हायचा. नातू मदतीला यायचा तर हे म्हणायचे, “राहू दे, मी करतो.” पाऊण तास लागायचा. मग हळूहळू त्या खोलीत जाणंच कमी झालं.

खरं सांगते, मागं हे पडले आणि बारा दिवस हॉस्पिटलात होते, तेव्हा माझ्या मनात आलं होतं की आत्ताच कुणाला तरी बोलवून सगळं काढून टाकावं. खोली मोकळी होईल, ह्यांना पडायला एक टेबल कमी. घरी आल्यावर काय, दोन दिवस रागावतील. मी फोनसुद्धा हातात घेतला होता. पण नोकरीत मी शिकले होते की बेशुद्ध माणसाचीसुद्धा चादर बदलायच्या आधी त्याला सांगायचं. आणि हे तर शुद्धीवर होते. मी फोन ठेवला.

घर बदलायचं ठरलं तेव्हा मुलानं चौकशी केली. तो पाट खोलीतच जोडलेला, दारातून अख्खा निघणार नाही. एक गिऱ्हाईक आला, त्याला इंजिनं हवी होती, डोंगर नको. मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही आमच्याकडे येऊन बसा, आम्ही दोन दिवसांत काढतो. तुम्हाला बघवणार नाही.”

हे बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “गाडी माझ्या ताब्यात आहे तोवर मीच थांबवीन. तुम्ही थांबवलीत तर तो अपघात.”

मग ह्यांनी ठरवलं तसं झालं. आधी मोठ्या नातीनं सगळ्याचं चित्रीकरण केलं. हे खुर्चीत बसून एकेक जागा दाखवत होते. इथं पावसात दरड आली होती, इथं माकडं डबा पळवायची, इथं माझा कंदील विझला होता. दोन तासांचं झालंय. शनिवारी तारे दिसल्यावर हव्दाला केला आणि घर सोडायच्या आधी मलिदा केला. पोहे, नारळ, गूळ, वर पाच फळं, एलियाहू हन्नाबीचं नाव. मग सगळे मागच्या खोलीत. मी शेवटचे रूळ पुसले. गाडी लोणावळ्याहून सुटली, खाली उतरली आणि ठाकूरवाडीला ह्यांनी ती थांबवली. बटणावरचा हात थरथरत होता, पण गाडी जिथं थांबायची तिथंच थांबली. नातवानं सांधा बदलला. गाडी कर्जतला गेली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ह्यांनी ट्रान्सफॉर्मरचा प्लग स्वतः काढला.

दुसऱ्या दिवशी काम सुरू. गाड्या मऊ पातळ कागदात गुंडाळून खोक्यांत. प्रत्येक वायरला चिठ्ठी. खडीवर साबणाचं कोमट पाणी सोडलं की गोंद सुटतो आणि रूळ न मोडता निघतात. सिरिंज पुन्हा माझ्याच हातात. शेवटी डोंगर. मुलानं तोंडाला मास्क लावून माझी चाळीस वर्षांपूर्वीची बँडेजं करवतीनं कापली.

आणि बोगद्यामागच्या पोकळीतून एक तपकिरी मालडबा घरंगळत बाहेर आला.

तो डबा १९९४ साली हरवला होता. मुलाच्या बार मित्स्वाचं वर्ष. तू शाळेत नेलास, तू हरवलास, असं म्हणून हे त्याला फार बोलले होते. तो नाही म्हणत होता, रडत होता. त्यानंतर तो पोरगा त्या खोलीत कधी रमला नाही. आता तो स्वतः बाप आहे, दाढी पांढरी व्हायला लागलीय. डबा हातात घेऊन तसाच उभा राहिला. ह्यांनी खुर्चीतून हात पुढं केला, डबा नाही, त्याचं मनगट धरलं. म्हणाले, “तेव्हा मी चुकलो रे.”

मुलगा म्हणाला, “असू दे, बाबा.” आणि पुन्हा करवत उचलली. थोड्या वेळानं पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेला, तो बराच वेळ आला नाही. मी त्याच्या मागं गेले नाही.

मला सारखं वाटतं, मी तो फोन केला असता तर डोंगर परक्या माणसानं फोडला असता. डबा कचऱ्यात गेला असता. किंवा आमच्यामागून मुलांनी हे काम केलं असतं, तर डबा सापडला असता पण मनगट धरायला हात नसता.

म्हणून माझ्या वयाच्या वाचकांना एवढंच सांगते. तुमच्याकडे रेल्वे नसेल, शिवणाचं मशीन असेल, पितळेची भांडी असतील, पत्रांची पेटी असेल. हात चालतो आहे तोवर आपणच उघडा, मुलांना शेजारी बसवा आणि काय कुणाचं ते सांगा. आणि मुलांनो, म्हाताऱ्यांची खोली त्यांच्या पाठीमागं आवरू नका. वेळ लागला तरी लागू दे.

रूळ आणि ट्रान्सफॉर्मर जवळच्या शाळेला दिले. पाट्या नातवंडांनी वाटून घेतल्या, ‘लोणावळा’वरून भांडण झालं. ठाकूरवाडीचा तेवढा तुकडा, केबिन आणि तो चढाचा बंद रूळ, कापून काचेखाली ठेवलाय. खेकडा त्यावर उभा आहे. तपकिरी डबा मुलाच्या घरी गेला. हे रोज सकाळी काचेवरची धूळ पुसतात. त्याला पाऊण तास लागत नाही.

आता छोट्यांसाठी डोंगराची कृती. वर्तमानपत्राचे गोळे चिकटपट्टीनं पुठ्ठ्यावर बसवा. औषधांच्या दुकानातून प्लॅस्टरचं बँडेज आणा, वीतभर तुकडे कापा, कोमट पाण्यात बुडवून निथळा आणि गोळ्यांवर दोन-तीन थर द्या. सुकताना ते गरम लागतं, घाबरू नका, पण बोटाभोवती गुंडाळू नका. एक दिवस वाळू द्या, मग रंगवा. उरलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही, आत घट्ट होऊन पाइप तुंबतो. मोठं माणूस जवळ हवं, शक्यतो सबा किंवा सवता.

पुढच्या अंकात पायाची सूज, नक्की. तोवर मीठ जपून आणि पाणी भरपूर, पण डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर मोजूनच.

तुमची,
सिस्टर