दोन माता आणि एक 'अपविद्ध' बालक

गेल्या पंधरवड्यांत आमच्या कनिष्ठ चिरंजीवांनीं आग्रह करून एक जुना अमेरिकन बोलपट आम्हांस घरींच दाखविला. बोलपटांविषयीं लिहिण्याचा आमचा अधिकार तो काय! परंतु या कथेनें आमच्या घरांत दोन तट पाडले, म्हणून नेहमींचा विषय बाजूस ठेवून तिजविषयींच चार शब्द लिहीत आहों.

'लूझिंग आयझाया' हें त्याचें नांव. स्टीफन जिलेनहॉल यांनीं दिग्दर्शित केलेला हा बोलपट १९९५ सालीं निघाला; कथा सेथ मार्गोलिस यांच्या कादंबरीवरून घेतलेली आहे. शिकागो शहरांतील खैला नांवाची एक कृष्णवर्णी तरुणी मादक द्रव्याच्या अमलाखालीं आपलें तान्हें मूल कचऱ्याजवळ एका खोक्यांत ठेवून जाते. शुद्धीवर आल्यावर तें मेलें असेंच ती समजते. इकडे कचरा उचलणाऱ्यांच्या तें दृष्टीस पडतें व इस्पितळांत पोंचतें. तेथें समाजसेविकेचें काम करणारी मार्गारेट ही गौरवर्णी गृहिणी त्यास घरीं नेऊन आपलें म्हणून वाढविते. पुढें तुरुंगवास भोगून, व्यसन टाकून सावरलेली खैला आपलें मूल जिवंत असल्याचें ऐकते आणि न्यायासनापुढें उभी राहते. हॅली बेरी यांची खैला व जेसिका लँग यांची मार्गारेट पाहतांना क्षणोक्षणीं आमचा पक्ष बदलत होता.

आमच्या सौभाग्यवतींनीं मात्र पहिल्या अर्ध्या तासांतच निकाल दिला, "जिनें उकिरड्यावर टाकलें, तिचा हक्क कसला?" त्यावर मोठ्या सूनबाई हळूच म्हणाल्या, "पण सासूबाई, ती शुद्धीवर होती कोठें?"

सूनबाईंचें म्हणणें वाऱ्यावर सोडण्याजोगें नव्हतें. १८६५ पर्यंत त्या देशांत गुलाम मातेच्या मांडीवरचें मूल मालकास विकतां येत असे. ज्या समाजाच्या पाठीवर हा वळ आहे, तो आपलें मूल गोऱ्या घरांत जातांना पाहून दचकला तर नवल काय? तेथील कृष्णवर्णी समाजसेवकांच्या राष्ट्रीय संघानें १९७२ सालीं अशा दत्तकविधानास उघड विरोध केला होता. उलट १९९४ च्या कायद्यानें केवळ वर्णावरून मूल देण्यास नकार वा विलंब करूं नये असें ठरविलें, आणि १९९६ त तो नियम अधिकच कडक झाला. बोलपटांतील खैलाचा वकील (सॅम्युएल जॅक्सन) याच वादाचा आधार घेतो. उद्यां रस्त्यावर लोक ज्या नजरेनें या मुलाकडे पाहतील, तिला तोंड देण्यास तो शिकणार कोणाकडून? मार्गारेटचें प्रेम खरें आहे, तरी या प्रश्नास तें पुरें पडत नाहीं, हें आम्हांस कबूल करावें लागतें.

आमच्या शास्त्रकारांस ही अडचण अगदींच अपरिचित नव्हती. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत बारा प्रकारचे पुत्र सांगितले आहेत; त्यांत मातापित्यांनीं टाकलेला व दुसऱ्यानें स्वीकारलेला तो 'अपविद्ध', आणि त्यास दायाद पुत्रांत स्थान आहे. मेनकेनें मालिनीतीरीं टाकलेली शकुंतलाही अशीच कण्वांची कन्या झाली. मात्र मेनका परत येऊन कण्वांपाशीं आपली मुलगी मागती तर? तें प्रकरण व्यासांनीं लिहिलें नाहीं.

न्यायासन मूल खैलास देतें. येथवर सर्वजण त्या बालकाविषयीं बोलत होते. आतां तें स्वतःच बोलेनासें होतें. हा भाग आमच्यानें पाहवेना. आम्ही स्वतः दत्तक गेलेले. सातव्या वर्षीं होम झाला, आडनांव बदललें. नव्या घरीं दूधतुपास तोटा नव्हता, तरी कित्येक दिवस आम्ही कोणाशीं अक्षर बोललों नाहीं. पुढें वर्षभरानें जन्मदात्री आई भेटीस आली, तेव्हां आम्ही दत्तक आईच्या पदराआड लपलों. तिनें आणलेले लाडू कट्ट्यावर ठेवले आणि ती तशीच निघाली. तो आमचा राग होता कीं भीति, हें अजून आम्हांस सांगतां येत नाहीं.

शेवटीं खैला आपण होऊन मार्गारेटला बोलाविते. मूल कांहीं काळ तिच्यापाशीं राहावें, पण आपणही त्याची आई राहावें, अशी तडजोड ती सुचविते. कायद्याच्या दृष्टीनें हा शेवट लंगडा आहे, व पुढें काय झालें तें कोणी दाखवीत नाहीं. परंतु त्या मुलासाठीं दोघी एका खोलींत बसलेल्या आम्ही पाहिल्या. आमच्या दोन्ही माता अशा कधीं बसल्या नाहींत.

सौभाग्यवती अजून आपल्या मतास चिकटून आहेत.