मीटरची साक्ष

जुन्या मोटारसायकलींच्या बाजारात जी एक अंधश्रद्धा बोकाळली आहे, तिचे नाव मीटर. ‘किती चालली आहे?’ हा ग्राहकाचा पहिला प्रश्न आणि बहुधा शेवटचाही. आकडा दहा हजारांच्या आत निघाला की त्याची मुद्रा प्रसन्न होते. चाळीस हजारांच्या पुढे गेला की तो गाडीकडे असा पाहतो, की जणू तिला क्षय झाला आहे. आम्हांला या श्रद्धेचे कौतुक नाही. त्यातही ज्या जातीच्या वाहनाविषयी आम्ही येथे लिहीत आहोत, त्या लांब पल्ल्याच्या वेगवान मोटारसायकलीच्या बाबतीत, म्हणजे जिला जाणकार ‘स्पोर्ट टूरर’ म्हणतात तिच्या बाबतीत, ही श्रद्धा निव्वळ भाबडी नव्हे, तर घातक आहे.

ही जात दोन परस्परविरोधी इच्छांच्या तडजोडीतून जन्मली. शर्यतीच्या गाडीचा वेग हवा, पण पाठीचा कणा मोडायला नको. दिवसाकाठी चारपाचशे किलोमीटर तोडायचे, पण सामान आणि सोबतीण यांना घरी ठेवून नव्हे. १९७६ साली बीएमडब्ल्यूने काढलेली आर१००आरएस ही या घराण्याची मूळपुरुष मानली जाते. वाऱ्याच्या झोतात तपासून घडविलेले पूर्ण आवरण तिच्या अंगावर होते, आणि ते शोभेसाठी नसून स्वाराच्या छातीवरचा वारा फोडण्यासाठी होते. पुढे आलेली १०४३ घनसेंटिमीटरची कावासाकी निंजा १००० हीही त्याच कुळातली. आपल्याकडे सामान्य माणसाच्या खिशाला साजेल असे या कल्पनेचे रूप २००३ च्या करिझ्माने दाखविले. २०११ साली होंडाची सीबीआर २५०आर आली, २०१६ च्या अखेरीस बजाजची डॉमिनार. यांतली सीबीआर २०२० पासून येथे नवी मिळतच नाही. जिला ती हवी तिने आणि ज्याला हवी त्याने जुनीच शोधली पाहिजे. पणजीहून चोर्ला घाटाने बेळगाव आणि तेथून पुढे पुणे किंवा हैदराबाद, असा रस्ता ज्यांना रविवारी सकाळी हाका मारतो, त्यांची निवड म्हणूनच जुन्या बाजारात होते. ती कशी व्हावी, एवढाच आमच्यापुढे प्रश्न आहे.

आता मीटरकडे वळू. जे यंत्र धावण्यासाठी घडविले, ते उभे राहिल्याने खराब होते, ही साधी गोष्ट ग्राहकाला का उमजत नाही? आठ वर्षांत सहा हजार किलोमीटर चाललेली गाडी म्हणजे आठ वर्षे अंगणात उभी राहिलेली गाडी. तिच्या टाकीत पेट्रोल शिळे होऊन त्याचा चिकट गाळ झालेला असतो. फोर्कच्या तोंडाची रबरी सीले सुकलेली असतात. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषून घेते, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते, आणि उभ्या गाडीचे ते बदलण्याची आठवण कोणाला होत नाही. तीत कोकणपट्टीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस मिळवा. टायरवर खाच पुरेपूर असते, आणि तिच्याकडे बोट दाखवून विक्रेता म्हणतो, ‘टायर नवेच आहेत!’ त्याच टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. ‘२३१६’ असेल तर तो टायर २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. खाच शाबूत, पण रबर हाडासारखे कठीण. ओल्या घाटात पहिल्या वळणावर ते आपला निकाल देईल. उलट, महामार्गावर एका चालीने चाळीस हजार किलोमीटर चाललेली, वेळच्या वेळी तेल बदललेली गाडी बहुधा निरोगी असते. अशा गाडीला हसून नाकारणारा ग्राहक पाहिला, की आम्हांला त्या विक्रेत्याचीच कीव येते.

आणि हा आकडा तरी खरा कशावरून? जुन्या मीटरची केबल काढून ठेवता येत असे. आजच्या विजेच्या मीटरचा आकडाही बदलता येतो, आणि पडलेल्या गाडीचे मीटर फुटले म्हणून दुसरे बसविले तर त्यात लबाडीही नसते, नुसता अज्ञात भूतकाळ असतो. आमच्या व्यवसायात ज्या साक्षीदाराची उलटतपासणी घेता येत नाही, त्याच्या शब्दावर कोणी दावा उभा करीत नाही. गाडीवर उलटतपासणीला सादर असे साक्षीदार पुष्कळ असतात. ब्रेकच्या डिस्कची किमान जाडी तिच्यावरच छापलेली असते. बोट फिरवून पाहावे, कडेला कंगोरा लागतो की नाही. मागच्या स्प्रॉकेटवरून चेन ओढून पाहावी. ती दातांपासून सुटून वर येत असेल तर ती झिजली आहे. फूटरेस्टचे रबर, हँडलच्या मुठी, गिअरच्या दांडीचे टोक यांना भाषा असते. मीटर नऊ हजार म्हणत असेल आणि डिस्क तीस हजार म्हणत असेल, तर दोघांतले एक खोटे बोलत आहे, आणि डिस्कला खोटे बोलण्याचे कारण नाही.

या जातीच्या गाडीचे आवरण, ज्याला फेअरिंग म्हणतात, ते तर विक्रेत्याचे आवडते वकीलपत्र. त्याखाली काय आहे हे कोणी पाहत नाही. ते काढून दाखविण्याचा आग्रह धरावा. निदान त्याच्या स्क्रूंची डोकी पाहावीत. डोकी घासलेली असतील तर ते वारंवार उघडले गेले आहे, आणि त्याचे कारण विचारण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. हँडल दोन्ही बाजूंना जेथे थांबते त्या फ्रेमवरच्या अडसराला ठोका बसलेला असेल, किंवा पुढचे चाक उचलून हँडल फिरविताना मध्यभागी खट् असे अडकत असेल, तर त्या गाडीने आपला इतिहास सांगितला. इंजिनला हात लावून पाहावा. तुम्ही येण्यापूर्वीच ते तापवून ठेवले असेल तर नमस्कार करून उद्या सकाळी यावे. गोव्यातला जुना मोटारसायकल पायलट यातले कितीतरी नुसत्या हँडलच्या थरथरीवरून ओळखतो. त्याला एक कप चहा पाजून सोबत नेण्याची बुद्धी मात्र आमच्या सुशिक्षित तरुणांना होत नाही. ते घरी बसून अश्वशक्तीचे आकडे पाठ करीत असतात.

येथपर्यंत आमच्याशी सहमत होणारे पुष्कळ निघतील. ज्यांच्याशी आमचे खरे भांडण आहे ते पुढचे वाक्य उच्चारणारे: ‘गाडी चांगली आहे ना? मग कागद काय, मागाहून होतील.’

आपल्या कायद्याने जुन्या मालाच्या ग्राहकाला फारसे संरक्षण दिलेले नाही, हे स्पष्ट बोलले पाहिजे. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या १६ व्या कलमाप्रमाणे मालाच्या दर्जाची हमी, काही अपवाद सोडल्यास, गृहीत धरली जात नाही. १८७२ च्या करार कायद्याचे १७ वे कलम म्हणते, की बोलण्याचे कर्तव्य नसेल तेथे नुसते मौन म्हणजे कपट नव्हे. आणि १९ व्या कलमाचा अपवाद त्याहून कठोर आहे. जेथे मौन कपटात मोडते तेथेसुद्धा, सामान्य दक्षता घेतली असती तर सत्य कळले असते अशी स्थिती असल्यास करार मोडता येत नाही. ज्याने फेअरिंगखाली पाहिले नाही त्याला न्यायालय विचारील, का पाहिले नाहीस? धंदेवाईक दुकानदाराविरुद्ध ग्राहक आयोगाचे दार तरी उघडे असते. शेजारच्या गावातल्या हौशी मालकाविरुद्ध तेही नाही.

आणि कागद मागाहून होत नाहीत. सही केलेले, पण नाव व तारीख कोरी असलेले २९ व ३० नंबरचे फॉर्म गाडीसोबत हातोहात फिरत राहतात. दलाल त्याला ‘ओपन’ म्हणतो आणि ती सोय समजतो. कायदा काय समजतो? मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमाने विक्रेत्याने त्याच राज्यात चौदा दिवसांत आणि परराज्यात विकल्यास पंचेचाळीस दिवसांत, तर घेणाऱ्याने तीस दिवसांत हस्तांतरणाची नोंद आरटीओकडे करावयाची असते. ती न झाल्यास काय होते ते सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितले. मोटार एकामागून एक अनेकांच्या हाती गेली होती. अपघात झाला तेव्हा नोंदवहीत नाव पहिल्याच मालकाचे होते. नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. आमच्याकडे एक सेवानिवृत्त शिक्षक अपघात न्यायाधिकरणाची नोटीस हातात घेऊन आले होते. गाडी विकून त्यांना तीन वर्षे झाली होती. ती कोणत्या जिल्ह्यात आहे हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हते. त्यांच्या हातांचा कंप आम्ही पाहिला आहे, म्हणून ‘मागाहून’ हा शब्द आम्हांला हसण्यावारी नेता येत नाही. घेणाराही सुटत नाही. १५७ व्या कलमाने विमा त्याच्याकडे आला असे मानले जाते ते तिसऱ्या इसमाच्या नुकसानीपुरते. गाडीचे स्वतःचे नुकसान त्यात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच ठरविले आहे.

सीमेवर राहणाऱ्या आम्हा लोकांना तर हे दुप्पट लागू आहे. बेळगावच्या माणसाला कोल्हापूर परके नाही, सावंतवाडीच्या माणसाला म्हापसा परके नाही. भाषा एक, सोयरीक एक, आणि गाडी पलीकडे पाचदहा हजारांनी स्वस्त. परंतु वाहनकर हा राज्यघटनेच्या राज्यसूचीतला, ५७ व्या नोंदीचा विषय आहे, आणि एका राज्यात भरलेला आयुष्यभराचा कर दुसऱ्या राज्याच्या लेखी आयुष्यभराचा नसतो. बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवायची तर ४७ व्या कलमाने नवा क्रमांक, त्यासाठी २८ नंबरच्या फॉर्मवरचे ना-हरकत प्रमाणपत्र, मग नवा कर. जुन्या राज्याकडून परताव्यासाठी अर्ज निराळा. पलीकडची स्वस्ताई या वजाबाकीनंतर किती उरते, हे गाडी आणण्यापूर्वी कागदावर मांडावे. एकाच भाषेच्या माणसांना एक वाहन नदीपलीकडे नेण्यासाठी दोनदा कर का पडावा, हा प्रश्न आम्हांलाही बोचतो. पण तो विधिमंडळाला विचारावा, नाक्यावरच्या इन्स्पेक्टरला नव्हे.

‘एवढी चिकित्सा केली तर गाडी मिळायचीच नाही,’ असे आमचे एक रसिक मित्र म्हणतात. मिळते. सरकारच्या वाहन पोर्टलवर क्रमांक घालून कर्जाचा बोजा, विमा आणि थकलेली चलने पाहण्यास पाच मिनिटे लागतात. गळ्यापाशी फ्रेमवर कोरलेला चॅसी नंबर आरसीशी ताडून पाहण्यास एक. दलाल धंदेवाईक असेल तर एप्रिल २०२३ पासून त्याला अधिकारपत्र लागते; ते मागावे, आणि त्याचा चेहरा कसा होतो तेही पाहावे. मागील मालकाने सर्व्हिसच्या पावत्या जपल्या असतील, तर त्यांच्यासाठी चार पैसे अधिक मोजावेत. टायर, चेन, ब्रेकचे तेल आणि परराज्याचा कर यांचा खर्च किमतीतून वजा करावा. उरलेल्या रकमेतला काही भाग नवे नाव नोंदले जाईपर्यंत हाती राखावा आणि तसे लेखी घ्यावे. विक्रेता यास तयार नसेल तर सौदा तेथेच सोडावा. तशीच दुसरी गाडी हुबळीला किंवा पुण्याला कोणाच्या तरी अंगणात उभी असते, आणि तेथवर जाण्याचे बसचे भाडे एका टायरच्या किमतीइतकेही नाही.